ओट्याशेजारचं मशीन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माहेरी साताऱ्याला शेजारीपाजारीसुद्धा सांगतील. सासरी मात्र लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मी गुणाची सून म्हणून नावाजलेली होते. त्याचं कारण एवढंच, की सासू-सासरे राहायचे गावी, चांदीपला, आपल्या भातशेतीवर, आणि आम्ही नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये. गणपतीला आणि होळीला दोन-दोन दिवस गोड वागायला कोणाला जड जातं? माझं खरं रूप त्यांना दिसलं ते आम्ही वॉशिंग मशीन हलवलं तेव्हा.

आमच्या बिल्डिंगीत पाणी दोन तऱ्हेचं होतं. एक बोअरचं, ते दिवसभर बाथरूमला आणि संडासाला. खारट आणि जड. साबण घासून हात दुखले तरी फेस येईल तर शपथ. बादलीला महिन्याभरात पांढरा थर धरायचा. दुसरं गोडं पाणी. ते यायचं फक्त स्वयंपाकघरातल्या एका नळाला, एक दिवसाआड, दुपारी चार ते पाच. त्या तासात आमच्याकडे कोणी कोणाच्या दारात उभं राहत नसे, फोन वाजला तर वाजू देत. पिंप, हंडे, कळशी, कुकर, डाळीचे डबे, जे हाताला लागेल ते नळाखाली. मी सकाळच्या शाळेत मास्तरीण होते, दीडपर्यंत घरी यायचे, म्हणून हा तास माझ्याच वाट्याला. नवरा मुंबईला नोकरीला, तो घरात नसतानाच आमच्याकडे सगळं महत्त्वाचं घडतं.

मशीन आम्ही मोठ्या हौसेनं घेतलं होतं. वरून कपडे टाकायचे, बटण दाबायचं, बाकी सगळं ते आपलं आपण करणार. कंपनीचा माणूस आला आणि त्यानं ते बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवलं, कारण नळ तिथे, पाणी जायची जाळी तिथे. म्हणजे मशीनला मिळालं बोअरचं पाणी. कपडे वाळले की पापडासारखे कडक व्हायचे. ऑफिसचे शर्ट काय, इस्त्रीखाली गेले की गप्प बसतात. आम्ही चालवून घेत होतो.

मग सासूबाई पडल्या. चांदीपच्या अंगणात, शेवाळावर पाय घसरून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. तिकडे गावात ड्रेसिंगला कोण येणार, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. लिफ्ट नव्हती. खुर्चीत बसवून चौघांनी दुसऱ्या मजल्यावर चढवलं, आणि त्या सगळा वेळ डोळ्यांवर पदर ओढून बसल्या होत्या, आपल्याला कोणी उचललं याची लाज वाटून. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. सासरेही आले, हातात एक पिशवी आणि पिशवीत विळा. फ्लॅटमध्ये विळा कशाला, असं मी विचारलं नाही. तेव्हा मी अजून गुणाची सून होते.

बेडपॅन होतं, पण सासूबाईंना ते जमेना. कधी सांगायला उशीर, कधी ते तिरकं बसायचं. चादर भिजायची. दिवसातून एकदा तरी, कधी दोनदा. त्या काही बोलायच्या नाहीत, डोळे मिटून पडून राहायच्या, आपल्यालाच वासावरून कळायचं. मशीनमध्ये धुतलेल्या चादरी त्यांच्या पाठीला टोचायच्या. आठ दिवसांत पाठीवर लाल चट्टे उठले. ड्रेसिंगला येणारे डॉक्टर म्हणाले, "चादर मऊ पाहिजे. पाठ सोलवटली की मग ती जखम भरायला वर्ष घेते." तेव्हापासून मी चादरी पिंपातल्या गोड्या पाण्यात हातानं धुवायला लागले. शाळेतून यायचं, भात लावायचा, आणि मोरीत बसायचं. तोंडानं कुरकुरत असेन मी. खोटं कशाला बोलू, कुरकुरतच होते, आणि घर तरी केवढं होतं?

महिना झाला असेल. सासूबाईंना ताप आला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "पाणी पितात का?"

"पितात की," मी म्हटलं. "मी स्वतः उशाशी तांब्या भरून ठेवते. संध्याकाळी रिकामा असतो."

"मग हे व्हायला नको," ते म्हणाले. "औषध देतो. पण पुन्हा असं झालं तर अ‍ॅडमिट करावं लागेल, सलाईन लावावं लागेल. या वयात परत हॉस्पिटल बरं नाही." हॉस्पिटल म्हटल्यावर सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवरची म्हातारी पहाटे गेलेली त्यांनी पाहिली होती. पुन्हा तिकडे गेले तर परत येणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

दोन दिवसांनी मी खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला गेले तर तुळस मान टाकून बसलेली. पानं काळी. मला वाटलं, पाणी कमी पडलं. माती चाचपली तर चिखल! बोट आत गेलं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठलेलं. तुळस सडली होती. मी तांब्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. हात लांब केला की सासूबाईंचा हात बरोबर कुंडीपर्यंत पोचत होता.

"आई, हे काय?" माझा आवाज चढला तो चढलाच. "तांब्याभर पाणी रोज तुळशीला? आणि मी डॉक्टरांना छातीठोक सांगते, पितात म्हणून!"

त्या हळूच म्हणाल्या, "मी पानी प्याले तर मला लागते. लागली तर चादर भिजते. चादर भिजली की तू बसतेस घासत. शाळेतून येतेस नि बसतेस. मला इथून ऐकू येते, बाय."

माझी कुरकुर त्यांना ऐकू येत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुंडी उचलली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि तिथेच उभी राहिले. एखादी बाई आपल्यामुळे तहानेली राहते, आणि आपण शाळेत मुलांना भूतदया शिकवतो! मला त्यांचा राग आला होता, पण त्याहून जास्त माझा आला होता.

त्याच रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, "चादरी मशीननं धुतल्या पाहिजेत, आणि गोड्या पाण्यानं. मी मोरीत बसलेली त्यांना दिसता कामा नये."

"मग बादलीनं गोडं पाणी ओतू मशीनमध्ये," तो म्हणाला.

"एका धुण्याला आठ बादल्या लागतात. स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये कोण वाहणार, तू? तू तर सात वाजता घरात येतोस." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं? "मशीनच आत येईल. ओट्याशेजारी."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. मूळचा गोरखपूरकडचा, पण इकडे वीस वर्षं काढलेली. हिंदीत सुरू करायचा आणि मराठीत संपवायचा. मी त्याला म्हटलं, चार हात सरकवायचं आहे, अर्ध्या तासाचं काम. तो हसला. "ताई, कपाट सरकवतो तसं नाही हे. पाणी आणायचं, पाणी घालवायचं आणि मधे करंट. आने का रास्ता सब सोचते हैं, जाने का कोई नहीं." मग त्यानं गुडघ्यावर बसून सगळं पाहिलं. सिंकच्या नळाआधी लाइन कापून टीचा दुफाटा जोड टाकायचा, म्हणजे मशीन आणि नळ दोन्ही एकदम चालतील. मशीनसाठी वेगळा कॉक, म्हणजे मशीन बिघडलं तरी घरचं पाणी बंद व्हायला नको. प्लग ओट्याच्या वर, हाताएवढा लांब, शिंतोडे उडणार नाहीत असा. जमीन ठोकून पाहिली, सपाट आहे का. आणि मशीनचं घाण पाणी सोडायला ओट्याखालची मोरीची जाळी होतीच.

जागा ठरली ती ओट्याच्या टोकाला, खिडकीच्या बाजूची. त्या जागेच्या बरोबर वर भिंतीवर आमचा देव्हारा.

सासूबाईंना खाटेवरून सगळं ऐकू जात होतं. त्यांनी तिथूनच हाक मारली. "देवापुढं माझी ती चादर? नको गो बाय. अन्नापाशी नि देवापाशी? मला पाप लावू नको."

"चादर आधी बाथरूममध्ये बोअरच्या पाण्यात खळखळून घेणार, मगच आत आणणार," मी म्हटलं. "आणि देव मी हलवते."

"देव हलवतेस?"

"मशीन हलतं, माणसं हलतात, देवांना काय मुळं फुटलीत?" आणि मी त्याच दुपारी देव्हारा काढून त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावला. आता त्यांना पडल्या पडल्या देव दिसायला लागले. संध्याकाळी त्यांनी दोन्ही हात जोडलेले मी पाहिले.

प्लंबरनं नळाचं काम चोख केलं. मशीन ढकलत आणलं. पाणी जायचा पाइप मात्र राहिला. पॅसेजमध्ये तो भिंतीला उंच एका कडीत अडकवलेला होता, इथे कडी नव्हती. "क्लॅम्प उद्या आणतो," तो म्हणाला. "तोपर्यंत पाइप खाली सोडू नका. ऊपर रखना, ऊपर." आणि गेला. त्याचा उद्या उगवायला आठवडा लागला. प्लंबरचा उद्या हा आपल्या उद्याहून वेगळा असतो.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. चांदीपला कोणाच्या भाताच्या खाचरात पाणी एका कोपऱ्यात साठून राहिलं, कोणाचं वाहून गेलं, की बोलावणं सासऱ्यांना. ते बांधावर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, इथं हातभर माती काढ, तिथं घाल. पाण्याचा उतार त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसायचा. असा माणूस महिनाभर आमच्या सोफ्यावर हातावर हात ठेवून बसला होता. बायकोला कुशीवर वळवायचं, औषध द्यायचं आणि खिडकीतून खालची पार्किंग बघायची. त्यांच्या समोर दोन दिवस एक पाइप लोंबत राहिला.

गुरुवारी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरातून ठाकठूक. आत पाहते तो सासरे जमिनीवर उकिडवे, हातात छिन्नी, बाजूला सिमेंटचं घमेलं. जाळीजवळच्या दोन फरश्या फोडलेल्या. माझ्या फरश्या! मी दुकानात तीन खेपा घालून रंग जुळवून आणलेल्या. मशीनच्या मागून जाळीपर्यंत त्यांनी सिमेंटचा एक सुबक उतार केला होता, हाताच्या तळव्यानं गुळगुळीत केलेला, आणि त्यावर पाइप असा बसवला होता की पाहत राहावं. मशीनभोवती दोन बोटांचा बांधसुद्धा घातला होता.

"बाबा, तो पाइप वर ठेवायचा म्हणाला होता ना?"

"तो पोरगा येडा आहे," सासरे खूश होऊन म्हणाले. "पानी कधी वर चढते का? पानी उतारानं चालते. बघ आता, थेंब राहील तर सांग."

फरश्यांचं दुःख गिळून मी गप्प बसले. उतार खरंच सुरेख होता. आणि मला काय माहीत? मी मराठी आणि इतिहास शिकवते.

शुक्रवारी चार वाजता गोडं पाणी आलं. मी दोन दिवसांच्या चादरी खळखळून आणल्या, मशीनमध्ये टाकल्या, सासऱ्यांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पाणी पडायला लागलं. सासरे बाहेर जाऊन सासूबाईंना सांगून आले, "चालू झालं." मी नळाखाली हंडा लावला. धार बारीक होती, कारण मशीन ओढत होतं. म्हटलं, मशीन भरलं की वाढेल.

मशीन काही भरेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाणी आपलं पडतंय, पडतंय. झाकण उचलून पाहिलं तर चादरी तळाला ओल्या, पाणी वीतभर नाही. आणि जाळीत खळखळ आवाज. पावणेपाच वाजून गेले. माझा पहिला हंडा अर्धा. तेवढ्यात दार वाजलं. गोड्या पाण्याच्या तासात दार! खालच्या मजल्यावरच्या काकू, पदर खोचलेला, श्वास चढलेला.

"अहो टीचर, तुमच्या मोरीचा पाइप आमच्या खिडकीबाहेर धो धो वाहतोय अर्धा तास! आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार! तुम्ही गोड्या पाण्यानं जिना धुताय की काय?"

मी धावत आत गेले आणि बंद केलं. पाच वाजले होते. पिंप कोरडं. हंडा अर्धा. चादरी साबणानं भरलेल्या तशाच. जेवढं पाणी मशीननं वरून घेतलं तेवढं सासऱ्यांच्या त्या सुंदर उतारावरून सरळ गटारात गेलं होतं. दोन दिवस प्यायला अर्धा हंडा!

आणि मग माझं तोंड सुटलं. "कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? हे तुमचं शेत नाही, बाबा! माणूस सांगून गेला होता वर ठेवा म्हणून. फरश्या फोडल्या, पाणी घालवलं, बिल्डिंगीत शोभा केली! हात दाखवून अवलक्षण!" अजूनही बरंच बोलले. नऊ वर्षांचं साठलेलं गुणीपण पाच मिनिटांत संपलं.

सासऱ्यांनी भांड्यात उरलेलं सिमेंट कागदात गुंडाळलं, हात धुतले, तेही बोअरच्या पाण्यानं, आणि बाहेर जाऊन खाटेशेजारी बसले. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "मशीन होतं तिथं ठेव, बाय. माझ्यापायी घर उकरू नका." आणि त्या संध्याकाळी त्यांनी तांब्याला हातसुद्धा लावला नाही. आता लपवायलाही तुळस नव्हती. भरलेला तांब्या रात्री भरलेलाच उचलला मी. चमच्यानं पाणी द्यायला गेले तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

शेजारून दोन कळश्या पाणी मागून आणलं, चादरी पुन्हा हातानं धुतल्या. या वेळी मी कुरकुरले नाही, पण उशीर झाला होता. शनिवारी दुपारी त्यांचं अंग पुन्हा कोमट लागलं. ताप नव्हता, पण येणार येणार असं वाटत होतं. मी शाळेच्या वह्या उघडून बसले आणि एकही तपासली नाही. सासऱ्यांची माफी मागायला हवी होती. मागवेना. राग उतरायला मला वेळ लागत नाही, पण तो उतरला हे कबूल करायला लागतो.

सासरे त्या दिवशी मशीनसमोर पाट टाकून बसले होते. जेवायला उठले, परत जाऊन बसले. मधेच पाइप हातात घ्यायचे, सोडायचे. मी तिकडे जाणं टाळलं.

रविवारी चारला पाणी आलं. नवऱ्याला एका लग्नाला जायचं होतं, म्हणजे नेहमीप्रमाणे तो नव्हता. मी भांडी मांडली. सासरे म्हणाले, "बाय, पाच मिनटं दे. पाचच. मग तुझे हंडे भर."

नाही कसं म्हणू? त्यांनी सिमेंटमधून पाइप उपसून काढला होता. चादरी टाकून मशीन चालू केलं. पाणी पडायला लागलं, पाइपातून खळखळ सुरू झाली. मग त्यांनी पाइप मधोमध धरला आणि सावकाश वर उचलायला लागले. गुडघ्यापर्यंत आला, खळखळ बारीक झाली. कमरेपर्यंत आला, थांबली. सगळं शांत. फक्त मशीन भरत असल्याचा आवाज. त्यांनी पाइप तसाच धरून झाकणातून आत डोकावलं. पाणी चढत होतं.

"अरे तिच्या!" ते ओरडले. "हे तर बांधाचं तोंड!"

"काय झालं?"

"बांधाला पानी जायला तोंड ठेवतो ना आपन? ते तोंड जेवढं उंच, शेतात पानी तेवढं राहते. तोंड तळाला पाडलं तर शेत भरनार कसं? नि मी, मी साठ वर्षं शेतं भरनारा, मीच तोंड तळाला पाडून बसलो!" आणि ते हसायला लागले, पाइप धरलेला हात वर, डोळ्यांत पाणी. "पोरगा म्हनला ऊपर रखो. का ऊपर, ते बोलला नाही. बोलला असता तर मी कशाला फरश्या फोडल्या असत्या?"

"पण मग घाण पाणी बाहेर कसं जाणार? ते वर चढत नाही ना?"

"त्याला मोटर आहे, गो. मोटर ढकलील तेव्हा तोंडावरून पलीकडं पडेल. तोवर शेत भरलेलं." खरंच, कंपनीच्या माणसानं पॅसेजमध्ये पाइप उंच का अडकवला होता, हे आमच्या घरात तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मास्तरणीनंही नाही.

"आता तू धर," त्यांनी पाइप माझ्या हातात दिला, "मी सुतळी आनतो." शाळेत मी मुलांना हात वर करून उभं करते, तशी मी हात वर करून उभी. सुतळी सापडेना. मशीन भरलं, घुसळायला लागलं, मी उभीच. सासरे माळ्यावर, खाटेखाली, पिशवीत शोधतायत. आणि मग मोटर सुरू झाली. पाइपाचं खालचं टोक जाळीत नुसतं सोडलेलं होतं, पाणी आलं तसं ते उसळून बाहेर आलं आणि साबणाचं पाणी माझ्या तोंडावर, गॅसवर, पोळ्यांच्या डब्यावर! मी किंचाळले. पाइप सोडता येईना, कारण सोडला तर बांधाचं तोंड खाली.

"बाबा! अहो बाबा, धावा!"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. आधी मला कळेना कसला. सासूबाई हसत होत्या. इतक्या, की त्यांना खुबा दुखत होता आणि त्या "अगाई, अगाई" करत पुन्हा हसत होत्या. महिन्या-दीड महिन्यात त्या घरात त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मी केसांतून फेस निथळत तशीच उभी राहिले आणि मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

सासऱ्यांनी खालचं टोक जाळीत घट्ट बसवलं, मधला भाग खिडकीच्या गजाला ओट्याच्या उंचीवर बांधला. "बाबा," मी पदरानं तोंड पुसत म्हटलं, "परवा मी फार बोलले. चुकलं माझं."

"बोललीस ते पानी गेलं म्हनून बोललीस," ते गाठ मारत म्हणाले. "आमच्या गावात पान्यावरून कुऱ्हाडी निघतात." मंगळवारी प्लंबर क्लॅम्प घेऊन उगवला. सुतळी पाहून म्हणाला, "चाचा, मैंने बोला था ना?" मग गुडघ्यावर बसून पाइप कुठे मुडपत नाही ना हे पाहिलं, वाकण जरा सैल केलं आणि क्लॅम्प ठोकला. सुतळी मात्र सासऱ्यांनी काढू दिली नाही.

रविवारच्या त्या चादरी सोमवारी सकाळपर्यंत वाळल्या. सासऱ्यांनी त्यातली एक घडी न घालता तशीच सासूबाईंच्या गालाला लावली. त्यांनी हात फिरवला, मुठीत धरली, सोडली. रात्री तांब्या अर्धा झाला होता. मी खाटेखाली, उशीमागे, सगळीकडे पाहिलं. ओल कुठेच नव्हती. तरी माझा विश्वास बसेना. एकदा फसलेली बाई मी. अर्धा तांब्या प्याल्या तो आम्हाला बरं वाटावं म्हणून की काय, असं वाटत राहिलं. पाणी मागितलं असं त्यांनी एकदाही केलं नव्हतं. आपण द्यायचं, त्यांनी घ्यायचं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी खालच्या काकू त्यांना भेटायला आल्या, बरोबर बिल्डिंगीतल्या आणखी दोघी. भांडण झालं होतं ना, म्हणून काकू मुद्दाम शिरा घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी पदर सारखा केला, चांदीपच्या पावट्याच्या शेंगांबद्दल बोलल्या, नातवंडं किती विचारलं. बोलता बोलता तांब्या उचलून घोट घोट पाणी प्यायच्या. मी चहा देत होते. नळाला सूं सूं आवाज आला. चार वाजले.

काकू उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. याच बाई, ज्या ओल झाली की डोळे मिटून भिंतीकडे तोंड करायच्या. तीन परक्या बायकांसमोर, शेताच्या पलीकडच्या माणसाला घालावी तशी, खणखणीत.

"बाय गो! भिजलीय मी. पानी आलंय बघ, मशीन लाव!"

काकू चहाच्या कपात बघायला लागल्या. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या पाहुण्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "सुनेनं चादरीला गोडं पानी दिलंय माझ्या." मी हातातली बशी खाली ठेवली आणि चादर बदलायला खाटेशी गेले तर त्यांनी रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"आन ऐक, हा संपला. येताना भरून आन."